दोन रुपयांची काडेपेटी : काडी कुठे विझते ते बघा

किराणा दुकानात दहा पेट्यांचा पुडा वीस रुपयांना मिळतो. पेटीवर सरासरी 50 काड्या असं छापलेलं असतं, म्हणजे एक काडी चार पैशांची. ‘काडीचीही किंमत नाही’ म्हणताना आपल्या मनात गवताची काडी असते. आगकाडीची किंमत मात्र ठरलेली आहे, आणि ती ठरवणारे बहुतेक कारखाने तमिळनाडूत आहेत : शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी, कळुगुमलै, आणि वर वेल्लोरकडचं गुडियात्तम. पेटीवर वाघ असो, कमळ असो की किल्ली, बाजूची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली तर बहुधा यांतलंच एखादं गाव निघतं.

हे परीक्षण कुठल्याही एका छापाचं नाही. एका छापाखाली एकाहून जास्त कारखान्यांचा माल येऊ शकतो. शिवाय तोच कारखाना उन्हाळ्यात एक दर्जा देतो आणि पावसाळ्यात दुसरा. त्यामुळे ‘अमुक छाप घ्या’ या सल्ल्याचा फारसा उपयोग नाही. उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. काडी नेमकी कुठल्या टप्प्यावर दगा देते ते पाहिलं, की कारखानदाराने कुठल्या मालात हात आखडला ते कळतं. ते एकदा ओळखता आलं की दुकानात उभ्या उभ्या पेटी पारखता येते.

पेटीत काय असतं

काडीच्या गुलात, म्हणजे टोकावरच्या बोंडात, फॉस्फरस नसतो. गुलाच्या कोरड्या वजनात निम्म्याच्या आसपास पोटॅशियम क्लोरेट असतं. जळायला लागणारा प्राणवायू तेच पुरवतं. त्याच्या जोडीला थोडं गंधक, बांधणीला सरस, आणि भडका आवरण्यासाठी काचेची पूड आणि इतर निष्क्रिय भर. लाल, काळा, हिरवा हा निव्वळ रंग. रंगावरून काडीची जात ओळखता येते असं समजणारे बरेच आहेत, पण त्यात तथ्य नाही.

फॉस्फरस असतो पेटीच्या बाजूला. त्या तपकिरी पट्टीचा, म्हणजे मसाल्याचा, जवळजवळ निम्मा भाग लाल फॉस्फरस, पाव भाग काचेची पूड, आणि उरलेल्यात चिकट द्रव्य, थोडी काजळी आणि आम्ल मारायला खडूसारखा पदार्थ. काडी ओढली की काचेच्या कणांच्या घर्षणाने लाल फॉस्फरसचा अगदी सूक्ष्म अंश पांढऱ्या रूपात जातो आणि हवेत पेट घेतो. त्या ठिणगीने क्लोरेट भडकतं, गंधक जळतं, त्या आचेने काडीला पाजलेलं मेण वितळून त्याची वाफ पेटते आणि शेवटी लाकूड. डोळ्याला एकच ‘फर्र’ दिसतं, पण आतमध्ये ही साखळी असते आणि तिची कुठलीही कडी तुटू शकते.

क्लोरेट एकीकडे आणि फॉस्फरस दुसरीकडे ही वाटणी स्वीडनमधली. गुस्ताफ एरिक पाश यांनी 1844 मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि तिचा धंदा केला योंशोपिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी, योहान एडवर्ड आणि कार्ल फ्रान्स यांनी. आगकाडीचा इतिहास पहिल्यापासूनच भावाभावांच्या कारखान्यांचा आहे. त्याआधीच्या काड्यांत पांढरा फॉस्फरस गुलातच असे. भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, कुठेही ओढली तरी पेटे, आणि ती बनवणाऱ्या कामगारांचे जबडे सडत. 1906 च्या बर्न कराराने अशा काड्यांवर बंदी घातली आणि हिंदुस्थानात 1913 मध्ये तसा कायदा झाला. म्हणून आज कोणी ‘भिंतीवर पेटणारी’ काडी मागितली तर दुकानदार बघतच राहतो.

दुकानात करायच्या तपासण्या

पहिली तपासणी कानाने. पेटी कानाशी धरून हलवा. कोरड्या काड्यांचा आवाज खडखडीत येतो, सादळलेल्यांचा मऊ, दबका. पेटी गच्च भरलेली असेल तर आवाज कमी येतो, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका.

मग खण बाहेर ओढा आणि तळाशी बोट फिरवा. बोटाला रंगीत भुकटी लागली तर गुलातला सरस कमी आहे किंवा गुल घाईने वाळवला आहे. ही भुकटी नुसता कचरा नव्हे. तिच्यात क्लोरेट असतं, पेटी उलटीपालटी होताना ती मसाल्याच्या पट्टीवर येऊन बसते, आणि मग काडी ओढताना पट्टीच तडतडते, कधी कधी पेटही घेते. ओढण्याआधी पेटी बंद करावी ही जुनी शिकवण याचसाठी. उघड्या खणातल्या काड्यांची डोकी ठिणगीपासून दोन बोटांवर असतात.

त्याच वेळी गुलांचा आकार बघा. सगळे गुल एका मापाचे, थेंबासारखे, काडीच्या मधोमध बसलेले असले तर माल बहुधा सलग चालणाऱ्या यंत्रावरचा. त्यात भोकं पाडलेल्या पट्ट्यांत काड्या खोवलेल्या असतात. त्या पट्ट्या मेणावरून, मग गुलाच्या लगद्यावरून आणि नंतर वाळवणीच्या हवेतून जातात. हातमालात काड्या चौकटीत भरून चौकट तापल्या पत्र्यावर धरतात, मेणात बुडवतात आणि शेवटी लगद्यात टेकवतात. चौकट जरा कलली की एका बाजूचे गुल जाड आणि दुसऱ्या बाजूचे नुसते टिकलीएवढे. दोन काड्या फार जवळ बसल्या तर त्यांचे गुल चिकटून जोडकाडी तयार होते. जोडकाडी ओढू नका, मधून हलकेच तोडा. दोन गुल एकदम भडकले की बोटांना चटका बसतो.

काडीचं लाकूड मऊ, सरळ धाग्याचं आणि पांढरट लागतं. दक्षिणेत ते पूर्वापार केरळमधून येतं : मट्टी म्हणतात ती ऐलँथसची जात, काटेसावर, अल्बिझिया. ओंडका लेथवर फिरवून त्याचा कागदासारखा सलग पापुद्रा सोलतात, मग त्याच्या काड्या कापतात. पात्याची धार गेली की काड्या खरबरीत, कुसळ्या निघालेल्या येतात. ओंडके ओले पडून राहिले तर बुरशीने काड्यांवर काळे-निळे डाग पडतात. अशा काड्या पेटतात, पण ओढताना मोडतात. तिरप्या धाग्याची काडी ओळखायला सोपी : मोडल्यावर तिचं टोक सुईसारखं लांब निघतं. सरळ धाग्याची काडी आखूड, ओबडधोबड मोडते. मोडण्यातला अर्धा दोष मात्र ओढणाऱ्याचा असतो. काडी टोकाला धरून पट्टीवर आडवा दाब दिला तर चांगलीही मोडेल. गुलाच्या मागे बोट टेकवून, पट्टीशी साधारण तीस अंशांत धरून, आपल्यापासून दूर एकच लांब ओढ पुरते.

मसाल्याची पट्टी उजेडात तिरपी धरून बघा. ती सलग, किंचित चमकदार आणि खरखरीत हवी. काही पेट्यांवर मसाला ठिपक्यांनी किंवा जाळीच्या नक्षीत दिलेला असतो. ती फसवणूक नाही, पण लाल फॉस्फरस वाचवण्याची युक्ती आहे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळून 50 काड्या पेटवून वर थोड्या उरायला हव्यात. शेवटच्या दहा-पंधरा काड्यांना कोरी जागा शोधत फिरावं लागत असेल तर पट्टी पातळ आहे.

ओढल्यावर कुठे विझते

ओढली आणि काहीच झालं नाही, पट्टीवर गुलाचा रंग उमटला : गुल सादळला आहे. ओढली, ठिणगी दिसली, पण गुल पेटला नाही : पट्टीतला फॉस्फरस कमी किंवा ओला. गुल ‘टप्’ करून उडाला आणि जळते कण इकडेतिकडे गेले : लगद्यात हवेचे बुडबुडे राहिले, सरस कमी पडला, किंवा गुल वरून कडक आणि आतून ओला वाळला. कपड्यावर बारीक भोकं पडतात ती याच दोषाने, आणि सगळ्या दोषांत हा सर्वांत वाईट. असा पुडा निघाला तर परत करावा. चार पैशांसाठी साडी जाळण्यात अर्थ नाही.

सर्वांत जास्त आढळणारा दोष मात्र वेगळा आहे. गुल झोकात भडकतो, काडी पेटल्यासारखी वाटते, आणि गुल जळून संपताच ज्योत विझते. हातात काळं टोक उरतं. वाऱ्याला दोष दिला जातो. खरं कारण मेण. गुलाखालच्या भागात पॅराफिन मेण मुरलेलं असलं तरच गुलाची आच लाकडाकडे जाते. मेण कमी घातलं किंवा काड्या पुरेशा न तापवता बुडवल्या की ते वरवर बसतं, आत मुरत नाही. बघायची रीत सोपी : न पेटवलेली काडी नखाने गुलाखाली खरवडा. नखाला हलका तुपकट थर लागायला हवा आणि लाकडाचा रंग तिथे किंचित गडद दिसायला हवा. पूर्ण कोरडी, पांढरीफटक काडी देवघरातल्या समईपर्यंत पोचणार नाही.

शेवटची तपासणी पेटवण्याची नाही, विझवण्याची आहे. काडी अर्धी जळू द्या, फुंकर मारा आणि हात न हलवता बघा. चांगल्या काडीचं टोक लगेच काळं पडतं. वाईट काडीच्या टोकावर लाल निखारा बराच वेळ धुमसत राहतो. काड्या आधी अमोनियम फॉस्फेटसारख्या क्षाराच्या पाण्यातून काढल्या तर निखारा धरत नाही. ही पायरी गाळली तरी काडी पेटते छानच, म्हणून तिची उणीव ग्राहकाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ती कचऱ्याच्या डब्यातून धूर निघाल्यावर. आमच्या मते काडेपेटीच्या दर्जाची खरी कसोटी हीच, आणि स्वस्त मालात सर्वांत आधी गळणारी पायरीही हीच.

हात कुठे आखडतो आणि का

2007 पासून पेटी एक रुपयाला होती. त्याआधी 50 पैसे. 1 डिसेंबर 2021 पासून ती दोन रुपयांची झाली, म्हणजे चौदा वर्षं किंमत हललीच नाही. त्या वेळी कारखानदारांनी जे आकडे पुढे ठेवले ते वर सांगितलेल्या दोषांशी जुळवून बघण्यासारखे आहेत. लाल फॉस्फरस किलोला 425 रुपयांवरून 810 वर गेला. मेण 58 वरून 80 वर. बाहेरच्या खोक्याचा पुठ्ठा 36 वरून 55 वर आणि आतल्या खणाचा 32 वरून 58 वर. पट्टी ठिपक्यांची का झाली, खण बोटाने दाबताच का वाकतो आणि मेण वरवर का असतं, ते या चार आकड्यांत आहे.

आणखी एक हिशेब. दरवाढीपूर्वी 600 पेट्यांचा गठ्ठा कारखान्यातून 270 ते 300 रुपयांना निघत असे. वाढ ठरली ती 430 ते 480 ची, वाहतूक आणि तेव्हाचा 12 टक्के कर वेगळा. म्हणजे दोन रुपयांची पेटी कारखान्याच्या दारातून 72 ते 80 पैशांना बाहेर पडू लागली, तेव्हाचा कर धरला तर 80 ते 90 पैशांना. निम्म्याहून जास्त पैसा ट्रक, घाऊक व्यापारी आणि दुकानदार यांच्यात वाटला जातो. कारखानदाराने पेटीमागे पाच पैसे वाचवले तर त्याच्या दृष्टीने ते पाच पैसे 80 तले असतात, दोनशेतले नव्हेत. म्हणून ‘दोन रुपये देतोय, मग माल असा का’ ही तक्रार रास्त असली तरी ती फक्त कारखान्याकडे पाठवून भागत नाही.

1922 : कलकत्त्याला गेलेले दोघं

हा धंदा शिवकाशीतच का, याला एक कुटुंब आणि एक जकात कारणीभूत आहे.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानच्या बाजारात जपानी आणि स्वीडिश काड्या भरलेल्या होत्या. 1922 मध्ये सरकारने आयात काड्यांवरची जकात ग्रोसला, म्हणजे 144 पेट्यांना, दीड रुपया केली. हेतू महसूल गोळा करण्याचा होता. झालं असं की त्या भिंतीआड इथे कारखाना काढणं परवडू लागलं. त्याच वर्षी शिवकाशीच्या नाडार समाजातले नात्याने भाऊ असलेले दोन तरुण, पी. अय्या नाडार आणि ए. षण्मुग नाडार, कलकत्त्याला गेले आणि पूर्णचंद्र राय यांच्या कारखान्यात काडी बनवायला शिकले. 1923 मध्ये परत येऊन त्यांनी गावात धंदा सुरू केला.

गाव कोरडवाहू. पाऊस कमी, शेती बेभरवशाची आणि रिकामे हात भरपूर. शेतीला शाप असलेली हीच हवा सरसाचा गुल वाळवायला वरदान. कोकणात किंवा केरळात जो गुल पंख्याखाली वाळवावा लागेल तो शिवकाशीत सावलीत ठेवला तरी सुकतो. लाकूड शेजारच्या केरळातून. बाकी रसायनं कुठूनही आणता येतात. यंत्राऐवजी हात वापरला तर भांडवल थोडं लागतं, त्यामुळे हाताखाली काम शिकलेला माणूस, जावई, पुतण्या, शेजारी, आपली वेगळी चौकट मांडू शकतो. तसंच झालं. त्या दोघांचेही पुढे स्वतंत्र व्यवसाय झाले. षण्मुग नाडार यांच्या कालीश्वरी समूहाचं नाव महाराष्ट्रात दिवाळीच्या फटाक्यांवर वाचायला मिळतं.

काडेपेटीतून फटाका कसा निघाला हेही धंद्याच्या तर्काला धरून आहे. क्लोरेट, गंधक, रंग देणारे क्षार आणि ते कोरड्या हवेत सांभाळून हाताळणारे हात गावात होतेच. रंगीत ज्योतीची काडी ही मधली पायरी. पेटीला लेबल लागतं, लेबलाला छापखाना लागतो. बाहेरून छापून आणण्यापेक्षा लिथोचा छापखाना गावातच टाकला, मग तो वर्षभर चालवायला दिनदर्शिका, वह्या, पोस्टर आली. एका पेटीच्या तीन अंगांतून, म्हणजे गुल, पुठ्ठा आणि लेबल यांतून, गावाचे तीन उद्योग उभे राहिले. अय्या नाडार पुढे शिवकाशीच्या सार्वजनिक जीवनातही होते. 1963 मध्ये सुरू झालेलं अय्या नाडार जानकी अम्माळ महाविद्यालय त्यांच्या आणि पत्नीच्या नावाने आहे.

त्याच जकातीच्या भिंतीआड दुसरा कारखाना आपल्याकडे आला. स्वीडिश मक्तेदारीने 1923 मध्ये विमको ही कंपनी काढली आणि अंबरनाथला कारखाना उभारला. त्यामागे स्वीडिश उद्योगपती ईव्हार क्रूगर होता. हेही घर काड्यांचंच : स्वीडनच्या काल्मार भागात बाप आणि काका यांचे आगकाडीचे कारखाने होते. क्रूगरने ते घराणं सरकारांना कर्ज देऊन मक्ते मिळवणाऱ्या जागतिक साम्राज्यात बदललं. 1932 मध्ये पॅरिसमध्ये त्याने आत्महत्या केली आणि साम्राज्य कोसळलं, अंबरनाथची यंत्रं मात्र चालू राहिली. पुढे विमको आयटीसीकडे गेली. होमलाइट्सची लांब काडी वापरलेल्यांना यंत्रमालाची एकसारखी काडी कशी असते ते सांगायला नको.

मग प्रश्न असा की यंत्रापुढे हाताची काडी टिकली कशी? उत्तर कराच्या पुस्तकात आहे. 1934 मध्ये काड्यांवर अबकारी कर बसला. पुढे कारखान्यांचे उत्पादनानुसार वर्ग पाडले गेले आणि लहान कारखान्याला, हाताने काम करणाऱ्याला सवलत मिळाली. सवलत ठरावीक ग्रोसपर्यंतच असल्याने वाढण्यात तोटा होता. तेव्हा घराणी उभी वाढली नाहीत, आडवी पसरली : एका मोठ्या कारखान्याऐवजी भाऊ, मुलगा, सून यांच्या नावावर अनेक लहान. लेबल एक, माल चार ठिकाणचा. आज एकाच पुड्यातल्या दोन पेट्या वेगळ्या निघतात त्याची मुळं या सवलतीत आहेत. जुन्या पेट्यांवर खणाच्या तोंडावर चिकटवलेली कागदी पट्टी आठवत असेल. ती फाडल्याशिवाय पेटी उघडत नसे. तोच भरलेल्या कराचा पुरावा.

जीएसटी आला तेव्हाही भेद राहिला : हातमालाला 5 टक्के, बाकीच्याला 18. 1 एप्रिल 2020 पासून दोन्हींना एकच 12 टक्के लागला आणि हाताने काम करण्याचा करातला फायदा संपला. आता हातमाल टिकायचा तर तो कामाच्या जोरावर, सवलतीच्या नव्हे. आमचा अंदाज विचाराल तर चौकटीवर बुडवलेली काडी हळूहळू यंत्राला जागा देणार.

या घराण्यांच्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाऊ नये. हातमाल स्वस्त होता त्याचं एक कारण म्हणजे चौकटी भरणारे आणि पेट्या भरणारे हात बरीच वर्षं मुलांचे होते. 1986 चा बालमजुरीविरोधी कायदा आणि त्यानंतर 1996 चा एम. सी. मेहता विरुद्ध तमिळनाडू राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींच्या मागे शिवकाशी आहे. त्या निकालाने कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने 20,000 रुपये भरावेत असं ठरवलं. आज या उद्योगातल्या कामगारांत बहुतांश स्त्रिया आहेत.

कुठल्या कामाला कुठली

रोजच्या गॅसला पुठ्ठ्याच्या पेटीतली नेहमीची लाकडी काडी पुरते. तिथे ज्योत क्षणभर टिकली तरी काम होतं. समई, पणत्या, चूल आणि धूप यांसाठी लांब आणि जरा जाड काडीची पेटी घ्या, महाग पडली तरी. पाच वाती लावायला नेहमीच्या दोन-तीन काड्या जातात, तिथे लांब एक पुरते. मेणकाडी म्हणजे पिळलेल्या कागदाला मेण पाजलेली काडी. ती लाकडापेक्षा वाऱ्याला बरी तग धरते आणि सावकाश जळते, पण तापली की मधून वाकते आणि मेणाचा थेंब बोटावर येतो. ती खाली झुकवून धरू नका. प्रवासाच्या पिशवीत लाकडी काडीच ठेवा. उन्हात उभ्या गाडीत मेणकाड्या एकमेकींना चिकटतात.

लायटरशी तुलना टाळता येत नाही. चिनी प्लास्टिकच्या स्वस्त लायटरने या धंद्याला चांगलाच फटका दिला. 2023 मध्ये केंद्राने 20 रुपयांहून कमी आयात-किमतीच्या सिगारेट लायटरच्या आयातीवर बंदी घातली ती याच कारखानदारांच्या तगाद्यावरून. गॅसच्या शेगडीला ठिणगीचा लायटर सोयीचा, याबद्दल वाद नाही. पण ठिणगीने वात पेटत नाही.

पावसाळ्यात

कोकणात, घाटमाथ्यावर आणि गोव्यात जून ते सप्टेंबर काडेपेटी सादळते ती दोन रीतींनी, आणि उपाय वेगळे आहेत. गुलातला सरस हवेतलं पाणी ओढतो आणि मऊ पडतो. हे परतवता येतं. पेटी उघडी करून कोरड्या हवेत, पंख्याखाली दिवसभर ठेवली की गुल पुन्हा कडक होतो. शेगडीजवळ, तव्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवायची नाही, हे सांगायची गरज नसावी. तरी लोक करतात.

मसाल्याच्या पट्टीचं नुकसान परत येत नाही. दमट हवेत लाल फॉस्फरस हळूहळू ऑक्सिडीकरण पावतो, त्यातून फॉस्फरसची आम्लं तयार होतात, आणि ती आम्लं स्वतःच आणखी पाणी ओढतात. मसाल्यात खडू घालतात तो हे आम्ल मारायला. तो संपला की पट्टी चिकट आणि काळपट होते. तिथे गुल घासला की पट्टीच खरवडून निघते. म्हणून वापरलेली रिकामी पेटी टाकून देण्याआधी तिची कोरी पट्टी कापून काड्यांच्या डब्यात ठेवणं शहाणपणाचं, मात्र मसाल्याची बाजू कागदात गुंडाळून. गुल आणि मसाला डब्यात मोकळे एकमेकांवर घासू द्यायचे नाहीत; कारखान्यातही क्लोरेटची आणि फॉस्फरसची खोली वेगळी असते ती उगाच नाही.

साठवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तळाशी फडक्यात बांधलेले मूठभर कोरडे तांदूळ. डबा गॅसच्या वरच्या फळीवर नको, तिथे वाफ जाते. पावसाळ्यासाठी मे महिन्यात घेतलेला माल जुलैत घेतलेल्यापेक्षा बरा, कारण तो कोरड्या हवेत वाळून, कोरड्या ट्रकमधून आलेला असतो. दोन पुडे घ्या, आधी एकच पेटी फोडा, वरच्या पाचही तपासण्या करा : हलवून, तळाला बोट लावून, खरवडून, ओढून आणि फुंकून. फुंकल्यावर निखारा राहिला तर दुसरा पुडा त्याच दुकानात बदलून घ्या आणि पत्ता वाचून वेगळ्या गावचा मागा.